माळावरचे शेजारी

चौतीस वर्षे मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. भूगोलाचे सर रजेवर गेले की तोही तास माझ्याच गळ्यात पडायचा. "उत्तर अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशाला काय म्हणतात?" "प्रेअरी!" "दक्षिण अमेरिकेतल्या?" "पंपास!" सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. रिकाम्या जागा भरा, एक गुण. त्या गवतात राहते कोण, हे पुस्तकाने कधी सांगितले नाही आणि मलाही कधी विचारावेसे वाटले नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघे थोरल्या मुलाकडे अमेरिकेत गेलो. तो कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या उत्तरेला एका लहान शहरात राहतो. पश्चिमेला रॉकी पर्वताच्या बर्फाळ रांगा आणि पूर्वेला नजर पोचेल तिथवर सपाट माळ. माळ म्हणायचा एवढेच, कारण आता त्यावर एकसारखी घरे, दुकाने आणि वाहनतळ उभे आहेत. मुलाच्या घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे चारेक एकर मोकळी जागा होती. पहिल्याच सकाळी सौ. खिडकीतून बघत म्हणाली, "अहो, बघा तरी, केवढी ही घूस! आणि उभी काय राहिलीय!"

घूस नव्हती ती. तो प्रेअरी डॉग होता. पाटीवर पुसलेल्या खडूसारखा मातकट रंग, साधारण किलोभर वजन, आखूड शेपूट आणि तिचे टोक काळे. नावात डॉग असला तरी कुत्र्याशी त्याचा काही संबंध नाही. तो खारीच्या कुळातला, कुरतडणारा प्राणी. त्याचे ओरडणे भुंकल्यासारखे वाटले म्हणून हे नाव पडले. लुईस आणि क्लार्क यांची मोहीम पश्चिमेकडे निघाली तेव्हा सप्टेंबर १८०४ मध्ये त्यांना ही बिळे दिसली. एक जिवंत प्राणी पकडण्यासाठी त्यांच्या माणसांनी बिळात पिंपेच्या पिंपे पाणी ओतले तेव्हा कुठे एक बाहेर आला. पुढच्या वर्षी तो जिवंत राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्याकडे पाठवला गेला. लुईस त्याला भुंकणारी खार म्हणत असे. मला ते नाव अधिक बरोबर वाटते, पण माझे कोण ऐकणार?

अमेरिकेत म्हाताऱ्या माणसाला काम नसते. गाडी चालवता येत नाही, टीव्हीवरचे उच्चार कळत नाहीत. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या मोकळ्या जागेच्या कडेला बाकावर जाऊन बसू लागलो आणि हळूहळू त्यांचा दिनक्रम मला आमच्या वाड्याच्या दिनक्रमासारखा पाठ झाला.

उन्हे वर आली की एकेक डोके बिळातून बाहेर येते. बिळाच्या तोंडाशी मातीचा उंचवटा असतो. त्यावर एकजण मागच्या पायांवर ताठ उभा राहतो आणि बाकीचे चरतात. त्यांची कुटुंबे असतात. एक नर, दोन-चार माद्या आणि पिल्ले. अशी अनेक कुटुंबे शेजारी शेजारी राहतात आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली असते. दोघे समोरासमोर आले की तोंडाला तोंड लावतात. मुका घेतल्यासारखे दिसते, पण ती ओळखपरेड असते. घरचा निघाला तर अंग चाटायचे, परका निघाला तर पिटाळायचे. मधूनच एखादा अंग मागे फेकून, पुढचे पाय आकाशाकडे करून 'यीप' असा ओरडतो. लगेच दुसरा, तिसरा, मग सगळा माळ. शेजारीपाजारी किती जागे आहेत हे अजमावण्यासाठी ते असे करत असावेत, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. हजेरीच म्हणा ना! मला माझा वर्ग आठवला.

त्यांचे घर बांधणेही बघण्यासारखे. एका बिळाला दोन तोंडे असतील तर एकाचा उंचवटा बुटका आणि दुसऱ्याचा उंच असतो. वाऱ्याचा वेग वरच्या तोंडाशी जास्त, म्हणून तिथून हवा ओढली जाते आणि खालच्या तोंडातून ताजी हवा आत येते. जमिनीखाली दोन-तीन मीटरवर राहणाऱ्याला वारा लागतो, तो असा. आमच्या गावच्या वाड्यात माडीवरचा झरोका उन्हाळ्यात उघडायचे, त्यामागची युक्ती हीच.

आणि त्यांची भाषा! उत्तर ॲरिझोना विद्यापीठातले कॉन स्लोबोडचिकॉफ यांनी याच कुळातल्या गनिसन जातीच्या प्रेअरी डॉगवर अनेक वर्षे काम केले. ससाणा, कोयोटी, पाळीव कुत्रा आणि माणूस यांच्यासाठी त्यांच्या धोक्याच्या हाका वेगवेगळ्या असतात, इतकेच नव्हे तर माणसाने घातलेल्या सदऱ्याच्या रंगाप्रमाणेही हाकेत फरक पडतो, असे त्यांना आढळले. हे ऐकल्यावर मी चार दिवस मुद्दाम एकच पांढरा सदरा घालून गेलो. म्हटले, ओळख पटावी.

इथवर सगळे गोड आहे. आता माझी चूक सांगतो.

आपल्याकडे अन्न टाकायचे नसते. उरलेली पोळी गाईला, भाताची ढेप कावळ्याला, मुंग्यांना साखर. माझी आई पहिला घास बाजूला काढल्याशिवाय जेवायला बसत नसे. अमेरिकेत उरलेली पोळी कचऱ्याच्या डब्यात जाताना बघवेना, म्हणून मी तिचे तुकडे खिशात घालून नेऊ लागलो. आधी ते लांबूनच बघत. आठवड्याने एक धीट मादी बाकापर्यंत आली. दोन्ही पायांत तुकडा धरून ती खाऊ लागली तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी फोटो काढला आणि सगळ्या नातेवाईकांना पाठवला. पुण्याच्या वहिनींनी 'भाग्यवान आहात भावोजी' असे लिहिले.

अकरा वर्षांची नात मात्र माझ्यावर रागावली. "आजोबा, त्यांना खायला घालायचं नसतं. शाळेत सांगितलंय आम्हाला."

मी म्हटले, "अगं, भुकेल्या जीवाला घास देणं पुण्याचं काम असतं."

"पण ते भुकेले नाहीयेत!"

बरोबर होते तिचे. त्यांच्या पायाखाली गवत होते, मुळे होती, रानटी पाला होता. पाणीसुद्धा त्यांना पाल्यातूनच मिळते, वेगळे प्यावे लागत नाही. भूक त्यांची नव्हती. कुणीतरी आपल्याकडे यावे ही भूक माझी होती. पण हे मला तेव्हा कळले नाही.

मे महिन्याच्या शेवटी पिल्ले वर आली. वर्षातून एकदाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये यांची विणीची वेळ असते. मादी त्यासाठी वर्षातला एखादाच दिवस तयार असते. तो चुकला की वर्ष गेले. जन्मल्यावर पिल्ले सहाएक आठवडे बिळातच असतात. तर ही पिल्ले आईच्या मागोमाग बाकापाशी येऊ लागली. बाक होता रस्त्याच्या कडेला. जूनमधल्या एका सकाळी मला पाच-सात मिनिटे उशीर झाला. मी घराच्या दारातून बाहेर पडलो आणि पांढरा सदरा बघून ती मादी रस्ता ओलांडून माझ्याकडे यायला निघाली. गाडी काही फार वेगात नव्हती. चालवणारी बाई उतरली, तोंडावर हात ठेवून उभी राहिली. सॉरी, सॉरी म्हणत होती. तिची काहीच चूक नव्हती. ज्याची चूक होती तो खिशात पोळीचे तुकडे घेऊन अंगणात उभा होता.

नातीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याचेच जास्त लागले.

तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे आणि हा सगळा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे. शहरातल्या रानटी प्राण्याची काळजी घेणे म्हणजे त्याला जवळ बोलावणे नव्हे. त्याची भीती हेच त्याचे शहाणपण आहे आणि आपण घास घालून तेच काढून घेतो. कुत्र्याला साखळी लावून फिरवणे, बिळांपासून लांब राहणे, झाडांच्या बुंध्याला जाळी बांधणे, बागेच्या कडेला उंच झुडपे किंवा भरीव कुंपण करणे, ही खरी काळजी. उंच झुडपांमागचे त्यांना दिसत नाही आणि दिसत नाही तिकडे जायला ते कचरतात. कुंपण पूर्णपणे अडवत नाही, पण उपद्रव कमी करते. या कामांचा फोटो काढून नातेवाईकांना पाठवता येत नाही, हे मात्र खरे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्राणिप्रेमी मंडळी ती सांगत नाहीत.

एक म्हणजे, हे प्राणी काही साधुसंत नाहीत. जॉन हूगलँड या संशोधकाने साउथ डकोटातल्या विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानात वर्षानुवर्षे त्यांचे निरीक्षण केले. पिल्ले मरण्याचे एक मोठे कारण त्यांना आढळले ते असे की, नात्यातल्याच माद्या एकमेकींची पिल्ले मारतात. हे वाचून सौ.ला फार वाईट वाटले. मी म्हटले, आपल्या भाऊबंदकीपेक्षा हे फार वेगळे नाही. दुसरे म्हणजे, चार एकरांत कोंडलेली वस्ती सगळे गवत फस्त करते आणि वाऱ्याबरोबर धूळ शेजाऱ्यांच्या घरात जाते. पूर्वी वस्ती वाढली की ती पुढे सरकत जायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेक्सासमध्ये एक वस्ती शंभर मैल रुंद आणि अडीचशे मैल लांब होती आणि तीत चाळीस कोटी प्राणी असावेत, असा तेव्हाचा अंदाज आहे. आता पुढे सरकायला जागा कुठे? चारी बाजूंनी डांबरी रस्ते.

आणि तिसरी गोष्ट प्लेगची.

मुलाच्या शेजारणीने एकदा सांगितले, "फार जवळ बसू नका, त्यांना प्लेग होतो." प्लेग! हा शब्द मी शेवटचा ऐकला होता तो आजीच्या तोंडून. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, माळावर झोपड्या बांधून राहायचे, घराला कुलूप आणि देव बरोबर. तिच्या दोन बहिणी त्यात गेल्या. वर्गात मी १८९७ चे पुणे शिकवताना रँड आणि चापेकर बंधू शिकवायचो, प्लेगच्या रुग्णाची सेवा करताना आजारी पडून त्याच वर्षी गेलेल्या सावित्रीबाई शिकवायचो. तो प्लेग इथे, या खारींना?

शोधले तर धागा सरळ निघाला. १८९४ मध्ये हाँगकाँगला, १८९६ मध्ये मुंबईला आणि १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचलेली साथ एकच होती. बोटींतल्या उंदरांबरोबर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांबरोबर ती बंदराबंदरांतून फिरली. मुंबईत हाफकिन यांनी लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली ती याच साथीत. अमेरिकेत ती शहरांतून रानात उतरली आणि तिथेच राहिली. प्रेअरी डॉगच्या पूर्वजांनी हा जंतू कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही. वस्तीत प्लेग शिरला की शंभरातले नव्वदहून अधिक थोड्याच दिवसांत मरतात. म्हणजे प्लेग त्यांनी माणसाला आणलेला नाही, माणसाच्या बोटींनी त्यांना नेऊन दिला. माझ्या आजीच्या बहिणींना मारणारा आणि या माळावरच्या जीवांना मारणारा जंतू एकाच घराण्यातला.

म्हणून घाबरायचे का? संपूर्ण अमेरिकेत वर्षाला सरासरी सात माणसांना प्लेग होतो आणि वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर तो बरा होतो. पण सावधगिरी हवी. मेलेल्या प्राण्याला हात लावू नये, घरच्या कुत्र्यामांजरांना पिसवांचे औषध लावावे. आणि भरलेली वस्ती अचानक गप्प झाली, कुणी ओरडत नाही, उभे राहत नाही असे दिसले, तर काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवावे. बिळांत पिसवा मारायची पूड टाकता येते. शेंगदाण्याच्या लोण्याच्या चवीची लसही तयार झाली आहे, ती गोळीसारखी माळावर टाकतात आणि हे प्राणी आवडीने खातात. गळ्यात पडून प्रेम करणारे आणि गोळ्या घालून मारणारे, दोघेही हे करत नाहीत. ते कुणीतरी पगारी माणूस उन्हात फिरून करतो.

या प्राण्याला घरात पाळणे तर नकोच. २००३ मध्ये घानाहून आणलेल्या मोठ्या उंदरांशेजारी दुकानात ठेवलेल्या प्रेअरी डॉगना मंकीपॉक्स झाला आणि त्यांच्याकडून तो माणसांना झाला. त्यानंतर काही वर्षे त्यांच्या विक्रीवर बंदी होती, ती २००८ मध्ये उठली. बंदी उठली म्हणून हौस करावी असे नाही.

जुलैमध्ये घरात वादळ आले. समोरची जागा मुलाच्या सोसायटीच्याच मालकीची होती आणि तिथे मुलांसाठी मैदान आणि पाहुण्यांच्या गाड्यांसाठी जागा करायचे घाटत होते. प्रश्न होता की या वस्तीचे काय करायचे. मुलगा सोसायटीचा खजिनदार. एका कंपनीचे दरपत्रक त्याच्या टेबलावर पडले होते. बिळात गोळ्या टाकायच्या, तोंड मातीने बुजवायचे, दोन दिवसांत काम फत्ते. नातीने ते वाचले आणि ती बापाशी बोलेनाशी झाली.

मी ते कागद हातात घेतले आणि गोळ्यांचे नाव वाचून खुर्चीत बसलो. ॲल्युमिनियम फॉस्फाइड. आमच्या शेतात उंदरांच्या बिळात तीच गोळी टाकायचे. मी स्वतः टाकली आहे, कित्येकदा. ओलाव्याने गोळीतून विषारी वायू सुटतो. वरून चिखल लिंपायचा आणि पुढच्या बिळाकडे जायचे. उसाचे बुडखे कुरतडलेले असायचे, दया यायची नाही. आत काय होते हे कुणी बघत नसे. आता वाचले की लगेच मरण येत नाही, बराच वेळ लागतो. आणि बिळात एकटा प्रेअरी डॉग नसतो. बिळात राहणारी छोटी घुबडे असतात, साप असतात, ससे असतात. चिखलाआड तेही जातात.

म्हणून मी मुलाला उपदेश केला नाही. ज्याने स्वतः गोळ्या टाकल्या, त्याने पोराला काय सांगायचे? रात्री जेवण झाल्यावर तोच म्हणाला, "बाबा, मला काय हौस आहे का? स्थलांतर करायचं तर खर्च कितीतरी पट आहे. तो सगळ्या घरांवर बसणार. समोरचे आजोबा पेन्शनवर आहेत, त्यांच्याकडून कसे मागू? आणि नेऊन ठेवायचे कुठे?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कोलोरॅडोत हे प्राणी हलवायचे तर राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना लागतो. दुसऱ्या काउंटीत न्यायचे तर १९९९ च्या कायद्याप्रमाणे तिथल्या काउंटी कमिशनरांची संमती लागते आणि ती सहसा मिळत नाही, कारण गुरे पाळणाऱ्यांना हे नको असतात. पिल्ले लहान असताना हलवता येत नाही. नव्या जागी आधी जमिनीत पेट्या आणि पाइप पुरून तयार बिळे करावी लागतात, गवत कापावे लागते आणि कुटुंब फोडता येत नाही. एकत्र पकडून एकत्रच सोडावे लागते, नाहीतर जगत नाहीत. पिंजरे लावून किंवा बिळात साबणाचा फेस सोडून पकडतात. लुईस आणि क्लार्कच्या पाण्याच्या पिंपांची आठवण झाली. दोनशे वर्षांत साबण तेवढा वाढला!

सोसायटीच्या बैठकीला मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. मत द्यायचा अधिकार नव्हता, निम्मे बोलणे कळतही नव्हते. एक गृहस्थ म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या रानात गुरांचा पाय या बिळांत अडकायचा, तेव्हा या प्राण्यांचे कौतुक त्यांना सांगू नये. एक बाई म्हणाल्या, आपण त्यांच्या घरात आलो आहोत, ते आपल्या नाही. टाळ्या पडल्या. पण खरे सांगू? मला ते वाक्य पटले नाही. बोलायला छान आहे. त्या बाईंचे घरही जुन्या बिळांवरच उभे होते, माझ्या मुलाचेही. ते घर सोडून कोणी जाणार नव्हते. 'आम्ही परके' असे म्हणायचे आणि पैसे द्यायची वेळ आली की गोळ्यांचे दरपत्रक काढायचे, यापेक्षा गप्प बसलेले बरे.

शेवटी मुलगाच उठला. त्याने दोन्ही खर्च फळ्यावर लिहिले आणि म्हणाला, मैदानाचे काम एक वर्ष पुढे ढकलले तर स्थलांतराचा खर्च दोन वर्षांत विभागता येईल, पेन्शनवाल्यांचा वाटा बाकीच्यांनी उचलावा, आणि तोवर जागा शोधावी. थोडक्या मतांनी मंजूर झाले. घरी येताना नात बापाचा हात धरून चालत होती. मी मागून.

ऑक्टोबरमध्ये आम्ही परत आलो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये काम झाले. पण जागा मिळाली ती निम्म्याच कुटुंबांपुरती. उरलेल्यांना पकडून काळ्या पायांच्या फेरेटसाठी अन्न म्हणून देण्यात आले. हा फेरेट मुंगसाएवढा, जवळजवळ फक्त प्रेअरी डॉगवर जगणारा. त्यांच्या वस्त्या उजाड झाल्या तसा तोही संपला असे समजत होते. १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये एका कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला तेव्हा थोडे उरलेले सापडले. १९८७ पर्यंत जगात अठराच राहिले होते. आता कोलोरॅडोत त्यांचे पैदास केंद्र आहे आणि २०१५ मध्ये डेन्व्हरजवळच्या रॉकी माउंटन आर्सेनल अभयारण्यात ते सोडले. आम्ही ते बघून आलो. दुसऱ्या महायुद्धात तिथे रासायनिक अस्त्रांचा कारखाना होता, नंतर कीटकनाशकांचा. आज तिथे गवे चरतात आणि प्रेअरी डॉग हजेरी देतात.

नातीने व्हिडिओ कॉलवर रडत विचारले, "आजोबा, फेरेटला दिलं ते बरोबर झालं का?"

मी जन्मभर शाकाहारी. तरी मी तिला हो म्हटले. माझे मत तेच आहे आणि नातेवाईकांपैकी काहींना ते आवडलेले नाही, हेही मला माहीत आहे. सगळे जगले असते तर उत्तमच. पण ते शक्य नसेल तेव्हा चिखलाने बंद केलेल्या बिळात तासन् तास गुदमरण्यापेक्षा, आणि बरोबर घुबडांना नेण्यापेक्षा, त्यांच्याच माळावरच्या भुकेल्या जीवाच्या पोटी जाणे कमी वाईट. भुकेल्या जीवाला घास म्हणजे तो. माझ्या पोळीचा नव्हे.

त्याहून महत्त्वाचे मी तिला सांगितले ते असे. दया ही घर बांधून झाल्यावर करायची गोष्ट नाही. जागेचा नकाशा काढतानाच तिथे कोण राहते हे मोजले पाहिजे, त्यांना हलवायचा खर्च सिमेंट आणि पाइपांच्या खर्चाबरोबर लिहिला पाहिजे. बोल्डर शहरात प्रेअरी डॉगना मारायची परवानगी मागण्यापूर्वी हलवता येत नसल्याचे दाखवावे लागते. प्रत्येक गावाला असा नियम हवा. तिच्या वडिलांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, ते एक वर्ष आधी लिहिले असते तर कदाचित सगळ्यांना जागा मिळाली असती. तिने ते बापाला सांगितलेही. तो म्हणाला, खरे आहे.

परवा तिने नव्या जागेचा फोटो पाठवला. पेटीतून बाहेर आलेला एकजण उभा आहे, मागे मोकळा माळ. फोटो लांबून काढला आहे, प्राणी तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. वहिनींनी विचारले, "अहो, यात आहे कुठे तो?"

नातीने जवळ जायचे टाळले, हे बघून मला बरे वाटले. मी तेवढे शिकायला चौऱ्याहत्तर वर्षे आणि एक जीव घालवला.

तुमच्या गावात, सोसायटीत असा प्रसंग आला असेल तर काय केलेत, जरूर लिहा. फेरेटबद्दल रागावला असाल तर तेही लिहा. वहिनींनी आधीच लिहिले आहे!